सीमा पाठ करण्यापूर्वी

(भंडारा येथील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'भारताच्या सीमा आणि द्वीपसमूह : परीक्षेच्या दृष्टीने'. मी भूगोलाचा प्राध्यापक नाही. कला शाखेचा पदवीधर आणि गेली तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत रात्रपाळ्या केलेला माणूस आहे. त्यामुळे 'परीक्षेच्या दृष्टीने' जे सांगायचे ते तुमच्या मार्गदर्शक पुस्तकांत माझ्यापेक्षा नेटके सापडेल. मला बोलायचे आहे ते त्या उत्तरांच्या पाठीमागे काय उभे आहे, याविषयी.

या सभागृहात शिरताच माझे लक्ष समोरच्या भिंतीवरील नकाशाकडे गेले. त्यात छत्तीसगड आहे, म्हणजे तो १ नोव्हेंबर २००० नंतरचा. तेलंगण नाही, म्हणजे २ जून २०१४ पूर्वीचा. बैलाचे दात पाहून वय सांगावे, तसे नकाशाचे वय असे सांगता येते. या नकाशाखाली बसून तुमच्यापैकी किती जणांनी आजवर अभ्यास केला असेल, याचा विचार मनात आला आणि मला माझ्या ताईची आठवण झाली.

ही ताई म्हणजे माझी मावसबहीण, तुमसरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आपल्याकडे तिसरीच्या वर्गाला जिल्ह्याचा भूगोल असतो. तो शिकवण्यात तिची हयात गेली. बावनथडी कोठून वाहते, वैनगंगा शिवनी जिल्ह्यात कोठे उगम पावते, चिखल्याच्या खाणीत मँगनीज कसे सापडते, हे तिने किती पिढ्यांना शिकवले याची मोजदाद नाही. यजमान वारल्यावर तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुलाने तिला अमेरिकेत नेले. नियमाप्रमाणे पाच वर्षे तेथे राहून झाल्यावर, २०१३ साली, तिने नागरिकत्वासाठी अर्ज केला.

अमेरिकेत नागरिकत्वाची परीक्षा असते, हे तुम्हांस ठाऊक असेल. तेव्हा शंभर प्रश्नांची छापील यादी असे. अधिकारी समोर बसवून त्यांतील जास्तीत जास्त दहा प्रश्न तोंडी विचारी. सहा उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली असून विसांपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात.) त्या शंभरांत भूगोलाचे काही प्रश्न होते. कॅनडाच्या सीमेला लागून असलेले एक राज्य सांगा. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेले एक राज्य सांगा. अमेरिकेच्या अखत्यारीतील एक प्रदेश सांगा. उत्तर एकच द्यायचे. पण आमची ताई जन्माची शिक्षिका. तिने कॅनडालगतची तेराच्या तेरा राज्ये पाठ केली, मेक्सिकोलगतची चारही केली आणि प्रदेशांपैकी प्युर्टो रिको, गुआम, अमेरिकन समोआ, व्हर्जिन बेटे, नॉर्दर्न मारियाना ही पाचही नावे तोंडपाठ केली. मुलगा म्हणाला, "आई, एकच पुरे." ती म्हणाली, "एकच सांगणाऱ्याला मी वर्गात अर्धे गुण देत होते."

एका रात्री तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मला म्हणाली, "का रे, तू पेपरवाला. सांग बरं, आपल्या अंदमानात माणसं राहतात अशी बेटं किती? आणि लक्षद्वीपात?" मी अडखळलो. खरे सांगायचे तर मला अंदाजेही सांगता आले नाही. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "मलाही नाही आठवलं. गुआम कुठं आहे ते मात्र डोळे मिटून दाखवते."

ती शांतता मी विसरू शकलेलो नाही.

(अंदमान-निकोबारात लहानमोठी बेटे आणि खडक धरून संख्या ८३६, त्यांपैकी ३१ बेटांवर वस्ती. लक्षद्वीपात दहा बेटांवर वस्ती आणि साऱ्या द्वीपसमूहाची भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर. हे मी नंतर पाहून घेतले.)

त्याच फोनवर ताईने आणखी एक गोष्ट विचारली. पाचही नावे पाठ करताना तिच्या लक्षात आले होते, की अमेरिकन समोआत जन्मलेली माणसे त्या ध्वजाखाली जन्मतात, पण जन्माने अमेरिकेची नागरिक होत नाहीत. प्युर्टो रिकोच्या लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे, परंतु त्या बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत देता येत नाही. गुआमचा प्रतिनिधी तेथील प्रतिनिधिगृहात बसतो, पण विधेयकावरील अंतिम मतदानात त्याचे मत मोजले जात नाही. "मग मी परकी, तरी पूर्ण नागरिक होणार, आणि ते तिथलेच असून अर्धे?" ताई म्हणाली. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आपल्याकडची स्थिती मात्र मी तिला दुसऱ्या दिवशी कळवली. भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात आज अठरा लाखांहून अधिक मतदार आहेत, लक्षद्वीपात साठ हजारही नाहीत. आणि दोन्हीकडून प्रत्येकी एक खासदार जातो, दोघांच्याही मताचे मोल सभागृहात सारखेच. गणिताच्या दृष्टीने हा अन्याय वाटेल. माझ्या दृष्टीने, सागरात दूरवर राहणाऱ्या मूठभर माणसांना 'तुम्ही या देशाच्या कडेला आहात, पण कडेचे नाही' असे सांगण्याची घटनेची ही रीत आहे.

आता तुम्ही विचाराल, आपल्या देशात कोणी परकीयाने नागरिकत्व मागितले, तर त्याला काय विचारतात? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे तिसरे परिशिष्ट पाहा. निवासाची अट आहे : अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे. चांगल्या चारित्र्याची अट आहे. घटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. शेवटी निष्ठेची शपथ. सीमा, बेटे, नद्या यांविषयी एकही प्रश्न नाही. म्हणजे मराठी चांगली येणाऱ्या परदेशी माणसाला भारताचा नकाशा न पाहता भारतीय होता येते. हे असावे की नसावे, यावर मतभेद होऊ शकतात. भाषा आली म्हणजे तिच्याबरोबर भूमीही येते, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असावे. ते सर्वस्वी चूक होते, असे मी म्हणणार नाही. परंतु परिणाम असा, की या देशात सीमा आणि बेटे पाठ करणारा एकच वर्ग उरला आहे आणि तो या सभागृहात बसला आहे. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक. जन्माने नागरिक असलेल्या माणसाची परीक्षा होते ती नोकरीसाठी!

म्हणून प्रथम आपल्याच अंगणापासून पाहू. मी चौथीत होतो तेव्हा 'महाराष्ट्राच्या सीमेवरील राज्ये कोणती?' या प्रश्नाचे उत्तर होते : गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, कर्नाटक, आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून गोवा व दादरा-नगर हवेली. गोवा ३० मे १९८७ रोजी राज्य झाले. २००० मध्ये छत्तीसगड आले. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश आपल्या सीमेवरून गेला आणि तेलंगण आले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. म्हणजे एका माणसाच्या हयातीत, महाराष्ट्राची एक इंच भूमी न हलता, उत्तर चार वेळा बदलले.

आपल्या जिल्ह्याचे तर विचारूच नका. १८६७ मध्ये बालाघाट जिल्ह्याची रचना सुरू झाली ती भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशाचे, नागपूर आपली राजधानी. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि कालपर्यंत एकाच प्रांतात असलेल्या तुमसर आणि कटंगी यांच्यामध्ये राज्याची सीमा उभी राहिली. खाली मँगनीजचा पट्टा एकच, वर सोयरिकी त्याच, बाजारही तोच. पण सात-बारा वेगळा, शाळेची भाषा वेगळी. बावनथडीच्या प्रकल्पासाठी पुढे दोन राज्यांना एकत्र बसावे लागले, ते याचमुळे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि छत्तीसगडला लागणारी आपली पूर्वेची सीमा त्याच्याबरोबर गेली. आज भंडाऱ्याला परराज्याची सीमा उरली ती फक्त उत्तरेला, बालाघाटची.

आणि ज्यांना वाटते की राज्यांच्या सीमा हा केवळ कागदाचा विषय आहे, त्यांनी एकदा चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात जाऊन यावे. तेथील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. माणसांच्या घरात दोन्ही राज्यांची रेशनकार्डे, मतदान दोन्हीकडे, शाळाही दोन. बेळगावचा प्रश्न तर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याविषयी या साप्ताहिकाच्या वाचकांना मी नव्याने काय सांगावे?

आता बेटांकडे वळतो. आपला जिल्हा तलावांचा. समुद्र येथून शेकडो कोस दूर. कदाचित म्हणूनच आपल्या मनातल्या भारतात बेटे येत नाहीत. या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक तुमच्यापुढे मांडतो.

२००३ सालची गोष्ट. मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. पावसाच्या बातमीबरोबर भारताचा नकाशा छापायचा होता. रात्री उशिरा दोन स्तंभांची जाहिरात आली, जागा कमी पडू लागली. जुळणी करणाऱ्याने विचारले, "साहेब, उजवीकडून कापू का? तिकडे पाणीच आहे." मी मान हलवली. सकाळी अंक गेला त्यात अंदमान-निकोबार नव्हते. त्यांच्या जागी कुलरची जाहिरात होती.

आठवड्याभराने पवनी तालुक्यातील एका गावाहून पोस्टकार्ड आले. अक्षर जुन्या वळणाचे. मजकूर पाच-सहा ओळींचा : माझा मुलगा हवाई दलात असून कार निकोबार येथे आहे. ते बेट आपण छापलेल्या नकाशात नाही. त्याची आई पेपरमध्ये नकाशा आला की त्यावर बोट ठेवते. हा अंक मी तिला दाखवला नाही. कृपया पुढे काळजी घ्यावी.

शुद्धिपत्र छापायला हवे होते. आम्ही छापले नाही. पोस्टकार्ड मी खणात टाकले.

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सुमात्राजवळच्या भूकंपाच्या आणि त्सुनामीच्या बातम्या दुपारपासून येऊ लागल्या. चेन्नई, नागपट्टिनम, मग अंदमान. संध्याकाळी 'कार निकोबार' हे शब्द टेलिप्रिंटरवरून उतरले आणि मी खण उपसला. त्या तळावर हवाई दलाचे शंभराहून अधिक कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय मृत्युमुखी पडले. ग्रेट निकोबारच्या टोकावरील इंदिरा पॉइंट, म्हणजे तुम्ही ज्याला 'भारताचे दक्षिणतम टोक' म्हणून पाठ करता ते ठिकाण, सुमारे सव्वाचार मीटर खचले. कोरड्या जमिनीवरचे दीपगृह समुद्रात उभे राहिले. दोन दिवसांनी मी मोटारसायकल काढून पवनीकडे गेलो. सुदैवाने त्या मुलाची बदली सप्टेंबरातच झाली होती. पण ज्या वसाहतीत तो तीन वर्षे राहिला, तेथल्या शेजाऱ्यांची नावे तो घरी फोनवर एकेक करून विचारत होता आणि सांगणारे कोणी नव्हते. म्हाताऱ्याने मला चहा दिला. मी कोण, हे सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आता तरी पूर्ण छापता ना नकाशा?"

त्यानंतर नकाशा कापण्याची परवानगी मी कोणाला दिली नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला त्या रात्रीही ठाऊक होते. कायदा ठाऊक असून काही झाले नाही. उपयोगी पडले ते पोस्टकार्ड.

मराठी माणसाला अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आठवते आणि ते योग्यच आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे १९११ मध्ये पोहोचले आणि १९२१ पर्यंत त्या कोठड्यांत होते. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी तेथे ध्वज फडकवला. २०१८ मध्ये रॉस, नील आणि हॅवलॉक या बेटांची नावे बदलली, २०२३ मध्ये एकवीस बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे दिली, त्यांत कारवारकडचे रामा राघोबा राणे आहेत. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तुमच्या पुस्तकांत ही सारी नावे 'चालू घडामोडी' या सदरात येतात. तुम्ही ती पाठ कराल. पण अंदमान म्हणजे केवळ आपल्या स्मृतींचे संग्रहालय नव्हे. तेथे आज माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेत ती तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपास होती.

आणखी एका बेटाविषयी सांगतो, कारण परीक्षेत ते फसवणुकीचा प्रश्न म्हणून येऊ शकते. कारवारच्या किनाऱ्यासमोर अंजदीव नावाचे लहानसे बेट आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून दिसते, परंतु राज्य गोवा. असे का? कारण ते पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि गोव्याबरोबरच मुक्त झाले. १९६१ च्या नोव्हेंबरात 'साबरमती' या प्रवासी जहाजावर या बेटावरून गोळीबार झाला. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या नौदलाच्या 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या युद्धनौकांवरील तुकडी बेटावर उतरली. पांढरे निशाण दिसले, आपली माणसे पुढे सरकली आणि गोळ्या सुरू झाल्या. सात नौसैनिक तेथे पडले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. 'अंजदीव कोणत्या राज्यात?' याला तुमच्या उत्तरपत्रिकेत एक गोळा काळा करायचा आहे. त्या गोळ्याखाली सात माणसे आहेत.

गोव्याच्या मुक्तीनंतर काय झाले, हेही पाहा. भूमी आली, पण माणसे आपोआप नागरिक होतात काय? नागरिकत्व कायद्याचे सातवे कलम नेमके यासाठी आहे : नवा प्रदेश भारतात समाविष्ट झाला, तर तेथील कोण नागरिक होणार, हे सरकारने आदेशाने ठरवायचे. १९६२ च्या आदेशाने गोवा, दमण, दीव येथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेले, किंवा ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा तेथे जन्मले असे सारे, दुसऱ्या देशाचे राहण्याची इच्छा त्यांनी कळवली नसल्यास, भारतीय मानले गेले. दादरा-नगर हवेलीची कथा याहून विलक्षण. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त केले ते स्वयंसेवकांनी आणि गोमंतकीय क्रांतिकारकांनी. सुधीर फडके त्या मोहिमेत होते. परंतु विधिवत विलीनीकरण झाले ते १९६१ मध्ये. मधली सात वर्षे तो प्रदेश पोर्तुगिजांचा उरला नव्हता आणि कायद्याने भारताचाही झाला नव्हता. विलीनीकरणाच्या करारावर त्या प्रदेशाच्या वतीने सही करायला कोणी तरी हवे, म्हणून बदलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान करण्यात आले! अशी गोष्ट पुस्तकाच्या चौकटीत मावत नाही, म्हणून ती तुम्हांला कोणी सांगत नाही.

आता भूसीमा. पंधरा हजार एकशे सहा पूर्णांक सात किलोमीटर. बांगलादेश सर्वाधिक, ४,०९६.७, मग चीन, पाकिस्तान, नेपाळ, म्यानमार, भूतान, आणि सर्वांत शेवटी अफगाणिस्तान, १०६. हे तुम्हांला झोपेतही सांगता येईल. किनाऱ्याचा ७,५१६.६ हा आकडा मात्र आता विसरा. किनाऱ्याची वळणे अधिक बारकाईने मोजल्यावर तो ११,०९८.८१ झाला आहे. समुद्र वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली.

पण त्या १०६ वर थोडे थांबू. मागे एका ठिकाणी एका मुलाने मला विचारले, "सर, अफगाणिस्तानची सीमा तर पाकिस्तानला लागते, आपल्याला कुठे लागते?" प्रश्न प्रामाणिक होता. आज कोणत्याही भारतीय सैनिकाला त्या १०६ किलोमीटरवर उभे राहता येत नाही. गिलगिटच्या उत्तरेला, वाखानच्या पट्टीला लागून ती सीमा आहे आणि तो प्रदेश १९४७ पासून पाकिस्तानच्या कब्जात आहे. तरीही भारत सरकारच्या तक्त्यात हा आकडा आहे, कारण २६ ऑक्टोबर १९४७ रोजी महाराजा हरिसिंहांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली ती संपूर्ण संस्थानासाठी. २२ फेब्रुवारी १९९४ रोजी संसदेने एकमताने ठराव केला तो याच भूमिकेचा. म्हणजे इतर सहा आकडे वस्तुस्थिती सांगतात आणि सातवा हक्क सांगतो. आकडा वगळला तर हक्कही सोडल्यासारखे होईल. आणि हक्क म्हणजे ताबा, असे समजून बसलात तर तीही स्वतःची फसवणूकच. उत्तर लिहिताना दोन्ही ध्यानी असू द्या.

सीमा ठरवताना सोसावे लागते ते मात्र वेगळ्याच माणसांना. कूचबिहारच्या बाजूला, भारत आणि बांगलादेश यांच्या पोटात एकमेकांची बेटे होती; पाण्याची नव्हे, जमिनीची. बांगलादेशात आपले १११ भूभाग, आपल्याकडे त्यांचे ५१. एके ठिकाणी तर भारताच्या भूभागात बांगलादेशाचा तुकडा आणि त्याच्याही पोटात पुन्हा भारताचे एक शेत, अशी अवस्था होती. तेथील माणसांना ना धड मतदान, ना रेशन. २०१५ मध्ये घटनेची शंभरावी दुरुस्ती झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री हे भूभाग बदलले गेले. आपल्याकडच्या ५१ भूभागांतील चौदा हजारांहून अधिक माणसे त्या रात्री भारतीय झाली. हिशेबाने आपली जमीन जास्त गेली. आसामातील अनेक राष्ट्रनिष्ठ मंडळींचा या कराराला विरोध होता आणि त्यांची वेदना खोटी नव्हती. तरी माझे मत असे, की ज्या भूमीवर आपला तलाठी पोहोचत नाही, आपला शिक्षक पोहोचत नाही, ती नकाशात रंगवून आपण तेथील माणसांना काय देत होतो?

दूर कशाला जा. अर्जुनी-मोरगाव तालुका आज गोंदियात आहे, पण १९७२ मध्ये तो आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी गोठणगावच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. नोर्ग्येलिंग तिचे नाव; आजही तिच्या पत्त्यात भंडाऱ्याचे नाव घेतले जाते. हिवाळ्यात आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो, तीच ही माणसे. तुम्ही पाठ करता, चीनची सीमा ३,४८८ किलोमीटर. त्या वसाहतीतील म्हाताऱ्याला विचारा. तो म्हणेल, भारताच्या त्या सीमेपलीकडे माझे गाव होते आणि ते चीन नव्हते. तिबेट गिळला गेला, म्हणून चीन आपला शेजारी झाला. आणि त्याच्या मुलांचे नागरिकत्व? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईवडील कोणीही असोत, जन्माने भारतीय. तिबेट्यांनाही हे लागू आहे, हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांची नावे मतदार यादीत घेण्यास सांगितले. म्हणजे एकाच घरात जून १९८७ मध्ये जन्मलेला थोरला भारतीय आणि दोन वर्षांनी जन्मलेला धाकटा निर्वासित. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान येथून आलेल्या पीडित अल्पसंख्याकांचा विचार झाला, तो आवश्यकच होता. तिबेटचा त्यात समावेश नाही. त्या वसाहतीतील काही कुटुंबे परत जाण्याच्या आशेने नागरिकत्व मागतही नाहीत, हेही खरे. ज्याचा देशच नकाशावरून पुसला गेला, तो दुसऱ्याच्या नकाशात नाव घालताना हात आखडता घेतो. तुमच्यापैकी कोणी एखाद्या रविवारी तेथे जाऊन यावे. अंतर फार नाही.

ताईचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती उत्तीर्ण झाली. अधिकाऱ्याने तिला सहाच प्रश्न विचारले, सहाही बरोबर आले. बेटांचा प्रश्न आलाच नाही, याची तिला आजही खंत आहे. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपल्या कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपते. तिने पारपत्र परत केले आणि समुद्रपार नागरिकाचे कार्ड घेतले. नावात नागरिक आहे, पण मत नाही. तुमसरच्या यादीतून तिचे नाव गेले. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा निवडणुका होत्या. तिच्याच हाताखाली तिसरी शिकलेली मुलगी केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून बसली होती. ताई भाचीसोबत केंद्राच्या फाटकापर्यंत गेली आणि बाहेर लिंबाखाली उभी राहिली. परतताना मला म्हणाली, "तुझ्या त्या अभ्यासिकेतल्या मुलांना एकच सांग. दहा बेटं नावानिशी सांगता आली पाहिजेत. कवरत्ती, अगत्ती, मिनिकॉय, अमिनी... मी आता पाठ केली आहेत."

तिने मला पैसेही देऊन ठेवले आहेत. त्यांतून सर्वेक्षण विभागाचा नवा नकाशा आणला आहे. तो बाहेर माझ्या गाडीत गुंडाळून ठेवलेला आहे. यात तेलंगण आहे, लडाख वेगळा आहे, दोन्ही द्वीपसमूह पूर्ण आहेत. लांबी थोडी जास्त आहे, त्यामुळे घड्याळ वर सरकवावे लागेल. शिडी कोणाकडे आहे? आणि तो जुना नकाशा फेकू नका. मागच्या खोलीत लावा, तारखा पाठ करायला बरा आहे.